गवळ्याच्या गोठ्यातली चूल

मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला. स्वयंपाक येतो का, हे नाही. शिवण-टिपण येतं का, हेही नाही. पोह्यांची बशी खाली ठेवली, धोतराच्या सोग्यानं मिशा पुसल्या आणि म्हणाले, "मठ कसा असतो, सांगता येईल?"

धुळ्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं. दाराआड उभ्या असलेल्या आईनं कपाळावर हात मारलेला मला दिसला. कारण तिला माहीत होतं, ही आता सुटणार. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, आणि कॉलेजच्या लायब्ररीतलं युरोपातल्या जुन्या मठांवरचं एक जाडजूड पुस्तक मी निव्वळ चित्रांसाठी तीनदा घरी आणलं होतं. मग काय! बेनेडिक्टाइन नावाच्या पंथाचे संन्यासी, मधोमध चौक, चौकाभोवती ओवऱ्या, कडेनं राहायच्या खोल्या, एका अंगाला प्रार्थनेची जागा, दुसऱ्या अंगाला सगळ्यांनी एका पंगतीत मुकाट्यानं जेवायचं लांबलचक दालन, आणि त्याला लागून स्वयंपाकघर. "आता नुसत्या पडक्या भिंती उरल्यात, आत गवत वाढलंय, तरी लोक लांबून लांबून बघायला जातात," मी म्हटलं. "मलाही एकदा जायचंय."

सासरे उठूनच उभे राहिले. "तिकडे कशाला? आमच्या गावाला आहे की!"

लग्न तिथेच ठरलं. आमच्या ह्यांनी मला त्या दिवशी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं, असं ते अजून म्हणतात.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. सासर शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. शिरपूरहून एसटी फाट्यापर्यंत, तिथून पायी. ह्यांची नोकरी शिरपूरला सूतगिरणीत, पाळ्या सांभाळून जाऊन-येऊन. सासरे गावच्या शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले मास्तर. गाव त्यांना नाना म्हणे, म्हणून मीही. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. अक्का चार शब्दांत काम होत असेल तर पाचवा वापरायच्या नाहीत, आणि ते चारही अहिराणीत.

पोचल्याच्या पाचव्या दिवशी मी नानांना म्हटलं, "कधी जायचं?" हळदीचा हात अजून पिवळा होता. नाना सायकल घेऊन तयारच होते. कॅरिअरला मोजपट्टी, हँडलला पिशवी, पिशवीत वही. गावाबाहेर दीडेक मैलावर नाल्याच्या काठी एक टेकाड आहे. सायकल हातात धरून आम्ही चढलो आणि माझ्या तोंडून किंकाळीच बाहेर पडली. अहो, चौक होता! झाडोऱ्यात अर्धा बुडालेला, पण चौक! चारी बाजूंनी घडीव दगडांच्या भिंती, कुठे कमरेएवढ्या, कुठे पुरुषभर उंच. भिंतीला लागून लहान लहान खोल्या, एका माणसाला आडवं होता येईल एवढ्याच. पूर्वेला दगडी चौकट, तिच्या उंबऱ्यावर कमळ कोरलेलं. मी चपला हातात घेऊन इकडून तिकडे नुसती पळत सुटले. नव्या नवरीनं असं पळावं का, वगैरे काही डोक्यात आलं नाही. नाना उंबऱ्यावर बसून हसत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी इथे येऊन पळालं," ते म्हणाले. "बाकीचे येतात आणि विचारतात, नाना, गुप्तधन कुठाय?"

वीस वर्षं! वीस वर्षं हा माणूस एकटा इथे येऊन भिंती मोजत होता. शाळेतली पोरं आणली, पोस्टमन आणला, तालुक्याचे साहेब आणले, एकदा जळगावहून कुणी प्राध्यापक येऊन चहा पिऊन गेले. वहीत पानंच्या पानं भरलेली. पण गावाचं म्हणणं एकच, आणि ते आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. आमच्या खानदेशात जुनी पडकी वास्तू दिसली की ती गवळी राजाची. किल्ला असो, विहीर असो, देऊळ असो. तसा हा गवळीवाडा. गवळी राजाचा गोठा. त्या लहान खोल्या म्हणजे वासरं कोंडायचे कोंडवाडे. भिंतीच्या तळाशी एक गोल भोक होतं, ते म्हणजे बैलाचं दावं ओवायचं भोक. झालं! सगळं बसतंय की बरोबर! आणि उंबऱ्यावरचं कमळ? तर म्हणे, राजाच्या म्हशी होत्या, त्यांना थाट नको?

मी चिडले की माझा आवाज चढतो. विहिरीवर एका बाईनं मला "काय गं, गोठा पाहून आलीस का?" असं विचारलं, तेव्हा मी कळशी खाली ठेवून तिला वीस मिनिटं मठ समजावून सांगितला. ती म्हणाली, "बरं." आणि गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की नानांनी धुळ्याहून दुसरी नाना आणलीय.

अक्कांना मात्र त्या जागेचं नावही चालत नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगून टाकलं, "मनी सवत शे ती." माझी सवत आहे ती. हसून नाही हं. भाकरी थापता थापता, परातीकडे बघत. नानांची प्रत्येक सुटी तिथे गेली. घरी पाहुणे आले तरी नाना टेकाडावर. पाठीला खपली धरेपर्यंत उन्हात भिंती मोजायच्या आणि घरी येऊन जेवतानाही वही उघडी. "बठ्ठं गाव हासस तुम्हले," अक्का म्हणायच्या. नाना म्हणायचे, "हसू दे." आणि आता मी! दुपारची भांडी तशीच टाकून मीही सायकलच्या मागे. अक्का मोरीत बसून राखेनं भांडी घासत राहायच्या, आणि भांड्यांचा आवाज जरा जास्त व्हायचा एवढंच. मला तेव्हा तो ऐकूसुद्धा आला नाही. वय तेवीस आणि डोक्यात मठ!

पौषात सरपंच घरी आले. हे नानांचेच विद्यार्थी, सगळे त्यांना भाऊ म्हणत. माणूस चांगला. म्हणूनच जास्त पंचाईत झाली. वाईट माणसाशी भांडायला बरं असतं. भाऊ ओट्यावर बसले, चहा घेतला आणि मान खाली घालून म्हणाले, "नाना, नाल्यावरचा बांध मंजूर झाला. दोन वर्षं पाणी नाही, तुम्ही बघताय. बांधाच्या तोंडाला दगड लागेल. टेकाडावरचा घडीव दगड जवळ आहे, तयार आहे. येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी ट्रॅक्टर लावतोय."

नानांनी कप खाली आपटला. बशी वाजली. "भाऊ, तो मठ आहे."

"तुम्ही म्हणता. गाव म्हणतं गोठा आहे. गवळ्याच्या गोठ्यासाठी मी गावाला तहानलेलं ठेवू का?"

मी आतून बाहेर आले. नव्या सुनेनं येऊ नये, पण आले. "भाऊ, तिथे माणसं राहायची! संन्यासी! एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे, शिकायचे!"

भाऊ माझ्याकडे न बघता नानांनाच म्हणाले, "मग दाखवा. पुस्तकातलं नको, वहीतलं नको. माझ्या पंचांना डोळ्यांनी दिसेल असं दाखवा, की तिथे गुरं नाही, माणसं नांदत होती. दगड एकही हलणार नाही, दगड मी डोंगरातून आणीन. नाही दाखवता आलं तर नाना, मला अडवू नका. एवढं वचन द्या."

नानांनी वचन दिलं. वीस वर्षांचं सगळं एका वाक्यावर लावून मोकळे झाले. भाऊ गेल्यावर नाना टोपी काढून वहीची पानं उलटायला लागले.

मला मात्र अंगात आल्यासारखं झालं. "नाना, स्वयंपाकघर!" मी ओरडलेच. "गोठ्यात खोल्या असतील, गोठ्यात चौक असेल, पण गोठ्यात चूल असते का? मठ असेल तर चूल हवीच. चूल शोधायची!"

नानांनी मांडीवर थाप मारली. कुठे शोधायची हाही प्रश्न नव्हता. पुस्तकातला नकाशा माझ्या डोळ्यांपुढे लख्ख होता. जेवणाचं दालन आणि त्याला लागून स्वयंपाकघर, दक्षिणेच्या अंगाला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दक्षिणेची बाजू खणायला घेतली. खुरपं, टिकाव, घमेलं. आठ दिवस! माझ्या तळहातांना फोड आले, नानांची कंबर धरली. निघालं काय? दगड, मुळ्या, विंचू दोन, आणि एका शेळीच्या गळ्यातली गंजकी घंटा. ती मी पहिल्यांदा प्रार्थनेची घंटा समजले आणि आनंदानं नाचले. नानांनी ती उलटी करून दाखवली. आतल्या बाजूला तेलाच्या डब्यावरचं छापील चित्र होतं; घंटा त्या डब्याच्या पत्र्याचीच केलेली.

शनिवार उजाडला. आमच्याजवळ काहीही नव्हतं. आणि वर भाऊंचा निरोप आला, की रविवारी चार पंच घेऊन येतो, पण आमचे आबा म्हणतात, टेकाडावर नुसतं ऊन खायला कोण येणार? भरीत असेल तर येऊ.

आता हे आमच्याकडचं असं आहे. थंडीत शेतात भरीत झालं नाही तर तो हिवाळा कुणी धरत नाही. आणि भरीत करायचं तर अक्कांनी. आजूबाजूच्या चार गावांत त्यांच्या हाताचं भरीत नावाजलेलं. मला तर साधी वांगी भाजायला दिली तरी एक बाजू कोळसा आणि एक बाजू कच्ची. नाना स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. घसा खाकरला. "उद्या टेकाडावर भरीत लागेल. पंच येताहेत."

अक्कांनी वर बघितलं. "कितला मानसं?"

"दहाएक."

"बरं." आणि त्या परत लसूण सोलायला लागल्या. मला वाटलं, झालं काम.

रविवारी सकाळी बैलगाडीत सगळं भरलं. हिरवट पांढरी मोठमोठी वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे भारे, बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं आमचं लाकडी भांडं, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींचं फडकं. अक्का गाडीत वांग्यांच्या पाटीशेजारी बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, ओठ घट्ट. टेकाडाशी उतरल्या. चढून आल्या. चौकात उभ्या राहून एकदा चारी बाजूंनी नजर फिरवली. लग्नाला तीस वर्षं झालेली, आणि सवतीचं तोंड त्या पहिल्यांदा बघत होत्या. मी शेजारीच होते. मला वाटलं आता काही बोलतील.

"वारा कथाइन येस?" त्यांनी विचारलं.

वारा कुठून येतो! मला एवढा राग आला म्हणून सांगू. इथे आमचा जीव टांगणीला लागलाय, उद्या ट्रॅक्टर येणार, आणि ह्यांना वाऱ्याचं पडलंय. तोवर भाऊ आणि पंच येऊन पोचले होते. नाना त्यांना भिंती दाखवत हिंडत होते. इथे ध्यान करत असतील, इथे पोथ्या लिहीत असतील. आबा म्हणजे सगळ्यांत म्हातारे पंच. काठीनं त्या लहान खोल्यांत टोचत ते म्हणत होते, "नाना, एक वासरू बरोबर बसस आठे." बाकीचे हसत होते. भाऊ हसत नव्हते, पण घड्याळ बघत होते. नानांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. मला ऐकवेना.

अक्कांनी पदराचं टोक हवेत धरलं. डोंगरावरून उत्तरेचा वारा येत होता, हिवाळ्यात येतो तसा. त्या चालायला लागल्या. दक्षिणेकडे, आमच्या खणलेल्या जागेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ उत्तरेच्या कोपऱ्यात गेल्या, जिथे भिंत पुरुषभर उंच होती आणि वारा अडत होता. भिंतीवरून हात फिरवून बघितला, खाली बसल्या, परत उठल्या, दोन पावलं उजवीकडे सरकल्या.

"आठे," म्हणाल्या.

"तिथे नको अक्का," मी म्हटलं, "तिथे कोंदट होईल, सगळा धूर भिंतीवर आपटून आपल्याच डोळ्यांत येईल."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्प बसले. ज्या बाईला वांगं भाजता येत नाही तिनं धुराचं शिकवावं! त्यांनी काड्या रचल्या, वांग्यांना तेलाचं बोट लावून वर मांडली, काडी ओढली. कपाशीच्या काड्या भडाभडा पेटल्या. धुराचा लोट उठला. मी पदर नाकाला लावून मागे सरले. नाना, भाऊ, पंच, सगळ्यांनी माना वळवल्या.

आणि धूर गेला.

म्हणजे कसं सांगू? उठला, भिंतीकडे वळला आणि भिंतीतच शिरला. तळाशी ते गोल भोक होतं ना, बैलाचं दावं ओवायचं? त्या भोकात. कुणी आतून ओढून घेतंय असा. इकडे अक्का जाळापुढे ऐसपैस बसून वांगी फिरवताहेत, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

"आरे, धूर कथा गया?" भाऊ ओरडले.

तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून फडफड झाली. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, वर, झुडपाच्या मुळाशी, दोन पिंगळे बाहेर फेकल्यासारखे निघाले, एवढे चिडलेले की भर सकाळी आमच्यावर किंचाळत उडाले. त्यांच्यामागून पाचोळा. आणि पाचोळ्यामागून, अहाहा, धूर! निळा, सरळ, टेकाडावरून वर वर चाललेला!

मी धावले. बाहेरून भिंतीला वळसा घालून, काट्यांतून, साडी फाडत धावले. झुडूप उपटलं. आत चौकोनी तोंड होतं, चारी बाजूंनी घडीव दगड नीट बसवलेले, आतून काळेभोर. भिंतीच्या पोटातून तिरकं वर येणारं धुराडं! बांधलेलं! ठरवून! मी "नाना! नाना! नाना!" एवढंच ओरडत होते. नाना आले, त्यांनी त्या तोंडाशी हात नेला, धूर बोटांतून जाऊ दिला. मी त्यांना मिठी मारली. सुनेनं सासऱ्याला, पंचांदेखत. मारली तर मारली.

आबा काठी टेकत आले. हार मानायला तयार नाहीत. "असं व्हई भोक. गुराखी लोके जाळ करतस, काय नवाई शे?"

आतून अक्कांचा आवाज आला. "आठे या."

आम्ही सगळे परत आत गेलो. अक्कांनी जाळ एका बाजूला ओढला होता आणि उलथन्याच्या टोकानं जमीन खरवडत होत्या. वरची तांबडी माती वीतभर निघाली. खाली करडा थर. त्यांनी चिमूट उचलली, अंगठा आणि बोटांमध्ये चोळली. तीस वर्षं, रोज दोन वेळा, त्या बोटांनी हेच चोळलं होतं.

"हाई माती नही," त्या म्हणाल्या. "हाई राख शे." मग उलथनं अजून आत घातलं, कोपरापर्यंत हात गेला. "देखा. गुराखीना जाळ इतला खोल जास का?"

राख संपतच नव्हती. भाऊ स्वतः गुडघे टेकून हातानं उकरायला लागले. नाना उकरायला लागले. मी तर पालथीच पडले होते. राखेखाली दगड लागले, आगीनं लाल होऊन तडकलेले, आणि ते सुटे नव्हते. एका ओळीत, एकापुढे एक, एक, दोन, तीन, चार, पाच चुली, प्रत्येकीचं तोंड अक्का बसल्या होत्या त्या बाजूला. शेवटच्या चुलीशी जात्याची अर्धी तळी पुरलेली. आम्ही आठ दिवस दक्षिणेला खणत होतो, कारण पुस्तकात तसं होतं. ज्यांनी हे बांधलं त्यांनी पुस्तक बघितलं नव्हतं. वारा बघितला होता.

"पाच चुल्हा," अक्का म्हणाल्या. "दीडशे मानसेसना सैपाक व्हस पाच चुल्हावर. पंगत बठस." मग आबांकडे वळल्या. पदर सावरला. "आबा, गोठामा चुल्हा कोन बांधस?"

आबांनी खाली बघितलं. ते राखेच्या कडेला उभे होते, पायात वहाणा. आमच्याकडे चुलीला पाय लावत नाहीत, मग ती कुणाचीही असो. आबांनी काठी भिंतीला टेकवली, वाकून वहाणा काढल्या आणि हातात घेऊन चार पावलं मागे गेले. ते बघून भाऊंनी काढल्या. मग बाकीच्यांनी. कुणी कुणाला सांगितलं नाही.

"ट्रॅक्टर डोंगराकडे लावतो," भाऊ नानांना म्हणाले. "फेऱ्या जास्त होतील. होऊ द्या."

माझा जीव भांड्यात पडला. मी रडत होते आणि हसत होते आणि नाकावर राख लागली होती. त्या दिवशीचं भरीत! चुलीच्या त्याच ओळीपुढे आम्ही जेवायला बसलो, कितीतरी शतकांनी तिथे पंगत बसली. अक्कांनी बडगीत वांगी ठेचली, मिरची-लसणाची फोडणी वर ओतली, आणि आबांनी तीनदा मागून घेतलं. नाना मात्र नुसतेच बसले होते. हातात भाकरीचा तुकडा, बघताहेत चुलींकडे, मग अक्कांकडे, परत चुलींकडे.

पंच गेले. गाडी जुंपायची होती. मी भांडी गोळा करत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"वीस वर्षं मी शोधतोय," नाना म्हणाले. त्यांचा आवाज अजून उत्साहानं चढलेला होता, लहान मुलासारखा. "वीस वर्षं! आणि तू आलीस आणि पाच मिनिटांत... अगं, आधी का नाही आलीस?"

अक्का बडगी पुसत होत्या. हात थांबला नाही.

"तुम्हीन माले कधी 'चाल' म्हनं का?"

मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. पोस्टमन आला होता इथे. साहेब आले होते. जळगावचे प्राध्यापक आले होते. मी तर पाचव्या दिवशीच आले होते, आणि नंतर रोज, ह्याच बाईच्या डोळ्यांसमोरून, भांडी टाकून. विहिरीवरच्या परक्या बाईला मी वीस मिनिटं मठ समजावला होता. घरातल्या बाईला मीही कधी विचारलं नव्हतं. कालसुद्धा आम्ही त्यांना बोलावलं नव्हतं. भरीत लागेल, एवढंच सांगितलं होतं. माझे कान तापले.

पुढच्या रविवारी जेवणं झाली. अक्का उठून मोरीकडे निघाल्या आणि दारातच थांबल्या. मी मागून डोकावले. नाना मोरीत उकिडवे बसले होते. धोतर वर खोचलेलं, टोपी खुंटीला, पुढ्यात खरकट्या भांड्यांचा ढीग. परातीवर राख घेऊन ते जीव खाऊन घासत होते. निम्मी राख मोरीत, निम्मी मिशीला. बाहेर सायकल भिंतीला टेकवलेली, आणि कॅरिअरवर मोजपट्टीच्या जागी घडी घातलेलं पोतं बांधलेलं, बसायला.

त्यांनी वर न बघताच म्हटलं, "चाल. एवढं झालं की निघू."

अक्कांनी मोरीभर सांडलेली राख बघितली.

"राख अशी नही धरतस," त्या म्हणाल्या, आणि चपला शोधायला बाहेर गेल्या.